ब्लॉकचेन लावली, तरी बनावट माल सापडत नाही? या चुका टाळा

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक नोंदवही. माल कुठून कुठे गेला हे तिच्यात नोंदवून बनावट माल ओळखायचा, ही कल्पना. तिच्यावर झालेली नोंद मागाहून कुणाला गुपचूप बदलता येत नाही. पण ती नोंद मुळात खरी होती का आणि हातातली वस्तू त्याच नोंदीतली आहे का, हे ब्लॉकचेनला कळत नाही. बहुतेक यंत्रणा फसतात त्या याच सांध्यावर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्यूआर कोड छापला की काम झालं असं समजणं. तो कोड म्हणजे नुसतं चित्र. एका अस्सल डबीवरच्या कोडचा फोटो काढून तो हजार नकली डब्यांवर छापला, तर स्कॅन केल्यावर प्रत्येक डबी 'अस्सल' ठरते! म्हणून प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक द्या आणि तो ओळीने वाढणारा नको, अंदाज बांधता येणार नाही असा हवा. विक्री होताच तो क्रमांक बाद करा. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या पाकिटांवर असा स्वतंत्र क्रमांक असतो आणि औषध देताना तो बाद केला जातो. ती यंत्रणा ब्लॉकचेनवर नाही, साध्या डेटाबेसवर चालते. म्हणजे नकली माल अडतो तो या तपासणीमुळे, हे आधी पक्कं समजून घ्या.

महाग वस्तूंसाठी दर स्पर्शाला नवा सांकेतिक कोड देणारी एनएफसी चिप, म्हणजे फोन जवळ नेला की वाचली जाणारी छोटी चिप, वापरा. पण ती उघडताना फाटणाऱ्या सीलमध्येच बसवा, नाहीतर रिकाम्या अस्सल बाटलीची चिप काढून नकली बाटलीला लावतात.

आणखी एक फसवणूक सहज नजरेतून सुटते. नकली मालावरचा कोड ग्राहकाला नकली करणाऱ्याच्याच पानावर नेतो आणि तिथे हिरवी खूण दिसते. त्यामुळे स्कॅन कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच करायला सांगा.

आता उलट तक्रार: अस्सल माल संशयित दाखवतोय. अशा वेळी आधी खोक्यांच्या नोंदी तपासा. खोक्यातला एक खराब नग काढून दुसरा ठेवला, पण खोक्याची यादी तशीच राहिली, की पुढच्या गोदामात गोंधळ सुरू. परत आलेल्या मालाचंही तेच. खोकं उघडलं की पुन्हा स्कॅन, हा नियम मोडू देऊ नका. इंटरनेट नसताना केलेले स्कॅन उशिरा पोहोचतात, तेव्हा स्कॅनची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ वेगळ्या ठेवा. ग्राहकाला थेट 'नकली' असं सांगू नका. कॉपी केलेला कोड आधी स्कॅन झाला असेल, तर अस्सल वस्तू घेणाराच अडकतो. 'हा कोड आधी वापरला गेला आहे' एवढंच दाखवा आणि वस्तू प्रत्यक्ष तपासा.

सगळे नोड, म्हणजे नोंदवहीची प्रत ठेवणारे संगणक, एकाच कंपनीकडे असतील, तर ब्लॉकचेनचा फायदा फारसा उरत नाही. आणि पुरवठादार, वाहतूकदार सामील झाले नाहीत, तर मालाच्या नोंदींत भोकं पडतात. जहाज कंपनी मर्स्क आणि संगणक कंपनी आयबीएम यांचा ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेन प्रकल्प बनावट मालासाठी नव्हता, जहाजमालाच्या कागदपत्रांसाठी होता. पण साऱ्या उद्योगाची साथ मिळाली नाही म्हणून तो बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२मध्ये झाली.

किमती, करार ब्लॉकचेनवर टाकू नका, त्यांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, पुरे. गोदामात सगळ्यांना मिळून एकच लॉगिनही नको.

सुरू करण्याआधी आपलाच एक कोड कॉपी करून दहा पाकिटांवर चिकटवा, ती वेगवेगळ्या गावांतून स्कॅन करवा आणि इशारा कितव्या स्कॅनला येतो ते पाहा.