नाशिकच्या हिवाळ्यात बियांपासून रंगीत डेझी

डेझी या नावाखाली दुकानात बरंच काही विकलं जातं. बियांपासून एकाच हंगामात फुलणाऱ्या आणि नाशिकच्या थंडीत छान येणाऱ्या दोन म्हणजे डिमॉर्फोथेका आणि लिव्हिंगस्टोन डेझी. दोन्ही मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. पहिली फूटभर वाढते आणि पांढरी, पिवळी, केशरी फुलं देते. दुसरी जेमतेम वीतभर, जमिनीला धरून पसरते. तिच्या मांसल पानांवर चमचमणारे कण असतात, फुलं गुलाबी, राणी, पिवळी, केशरी. दोघींचा नखरा एकच: ऊन असलं तरच उघडायचं. ढगाळ हवेत आणि संध्याकाळी मिटून बसतात. सकाळी लवकर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाऊन अंधार पडल्यावर घरी येणाऱ्यांना त्या सुट्टीच्या दिवशीच दिसणार. अशांनी सरळ पिटुनिया लावावा.

गणपतीतच बी टाका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. परतीचा पाऊस एका रात्रीत ट्रे धुऊन नेतो, आणि पाऊस चुकला तर ऑक्टोबरची दुपार आहेच. या बियांना उगवायला 18 ते 22 अंश तापमान मानवतं. कोजागिरी होऊ द्या, रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटली की पेरा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलेली रोपं फुलतात, पण बहर उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आणि लवकर आटोपतो. वेळेवर पेरलीत तर संक्रांतीच्या आसपास वाफा रंगलेला असतो.

पेरणीसाठी प्रो-ट्रे (रोपं वाढवायचा खणांचा ट्रे) किंवा तळाला भोकं पाडलेला कुठलाही उथळ डबा चालतो. मिश्रण दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेली वाळू. डिमॉर्फोथेकाचं बी दोन तऱ्हेचं असतं: चपटं, कागदी कडेचं आणि दुसरं काडीसारखं, खडबडीत. चपटं लवकर उगवतं, काडीवालं मागे राहतं. त्यामुळे चार अंकुर दिसले म्हणून ट्रे आवरू नका. या बियांवर अर्धा सेंटिमीटर मिश्रण पुरे. लिव्हिंगस्टोनचं बी मात्र धुळीइतकं बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरायचं, हलकंच दाबायचं, झाकायचं जवळजवळ नाहीच. बी रात्रभर भिजवू नका. भिजवायला हा हरभरा नाही.

आता खरी गोम. उगवण्याचं कौतुक कुणाला नको असतं, पण अंकुर फुटल्यापासून खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) येईपर्यंतचे दोनेक आठवडे या रोपांचे कर्दनकाळ असतात. याच टप्प्याने मला बराच काळ छळलं. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी झालेली दिसतात. जवळून पाहा: पानं अजून हिरवीगार, पण मातीला टेकतो तिथे देठ पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतका बारीक झालेला. लोक म्हणतात, पाणी कमी पडलं, आणि आणखी एक तांब्या ओततात. बरोबर उलटं! ही रोपं कोलमडण्याची बुरशी आहे, पिथियम आणि रायझोक्टोनिया या जातीची, आणि तिला हवी असते सतत ओली माती आणि कोंडलेली हवा. आडवं पडलेलं रोप उठत नाही. शेजारचं वाचवायचं असेल तर पडलेलं आणि त्याच्याभोवतीचं मिश्रण चमच्याने उचलून फेका.

त्यामुळे माझे नियम कडक आहेत. ट्रेमध्ये शेणखत नाही, कितीही कुजलेलं असलं तरी नाही. बागेतली काळी माती तर अजिबात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. जुने ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. झाकायला प्लास्टिक वापरलं असेल तर पहिला अंकुर दिसला त्याच दिवशी काढा, ‘अजून बाकीचे उगवायचेत’ हा मोह नको. पाणी सकाळीच, आणि तेही खालून: परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवायचा, वरचा थर ओला दिसला की उचलायचा. वरचा थर फिकट होईपर्यंत पुन्हा पाणी नाही. झारीने वरून शिंपडणं या वयात विसरा. सकाळचं कोवळं ऊन पहिल्या दिवसापासून हवं, सावलीत रोपं लांबुळकी होतात आणि तीच आधी पडतात. दाटी झाली तर नको असलेली रोपं उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे बाकीच्यांची मुळं हलत नाहीत.

हळद, दालचिनी भुरभुरण्याचे सल्ले मिळतील. नियम पाळलेत तर गरज पडत नाही आणि मोडलेत तर त्यांनी भागत नाही. करायचंच असेल तर कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) आणा आणि पेरण्याआधी लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम या प्रमाणात मिश्रणावर ओता. मात्र द्राक्षवाल्या पाहुण्यांनी प्रेमाने दिलेला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) त्याच ट्रेवर मारू नका: मोरचुदातल्या तांब्याने कोवळी पानं करपतात आणि ट्रायकोडर्माही मरतो.

यातून पार पडलात की पुढचं सोपं. चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी भर उन्हाच्या जागी लावा, डिमॉर्फोथेका फुटाच्या अंतरावर, लिव्हिंगस्टोन त्याच्या निम्म्यावर. नाशिकच्या काळ्या मातीत गादीवाफा करा आणि वाळू सढळ हाताने मिसळा. गांडूळखत मूठभर. युरिया देऊ नका, नुसता पाला माजतो. पाणी बेतानं. सुकलेली फुलं खुडत राहा. ढगाळ हवेत मावा दिसला तर निंबोळी तेल.

बी ठेवायचं असेल तर फेब्रुवारीपासून खुडणं थांबवा. डिमॉर्फोथेकाची डोकी तपकिरी होऊन हात लावताच विस्कटू लागली की दुपारच्या कोरड्या हवेत गोळा करा, एक दिवस वाऱ्यावर सोडलीत तर कागदी बी उडून शेजारच्या कुंडीत. दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकमध्ये नको. पाकिटावर रंग लिहिण्याची तसदी घेऊ नका. मधमाश्या सगळ्या वाफ्यांत फिरलेल्या असतात, पुढच्या वर्षी केशरीच्या पोटी पिवळी निघाली तर तक्रार करायची नाही.