सिकल सेलच्या अहवालावरून आनुवंशिकतेचा चौकोन कसा मांडावा

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अहवालावर ‘एए’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ यांपैकी एक जोडी लिहिलेली असते. गडचिरोली-नंदुरबारकडे ही अक्षरे अनेक घरांना पाठ असली, तरी ती दोनच का, हे फारसे कोणी सांगत नाही.

प्रथम ही अक्षरे समजून घ्यावीत. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून येते. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारे जनुक ११व्या गुणसूत्रावर असल्याने त्याच्याही दोन प्रती असतात. डीएनएच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये, म्हणजे आपल्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरात, या जनुकातले एकच अक्षर बदलले, म्हणजे अॅडेनिनच्या जागी थायमिन आले, की ‘ए’ प्रतीची ‘एस’ होते. दोन्ही प्रती ‘एस’ असलेली ‘एसएस’ व्यक्ती रुग्ण असते. एकच प्रत ‘एस’ असलेली ‘एएस’ व्यक्ती वाहक असते, म्हणजे ती ‘एस’ मुलांकडे पोहोचवू शकते; तो ‘अर्धा आजार’ नव्हे.

मग अहवाल कोणत्या चाचणीचा आहे, हे पाहावे. सोल्युबिलिटी चाचणीतून ‘एस’ आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे ठरवायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते.

आता कागदावर चार घरांचा चौकोन आखून वरच्या बाजूस आईची दोन अक्षरे आणि डाव्या बाजूस वडिलांची दोन अक्षरे लिहावीत आणि प्रत्येक घरात वरचे व डावीकडचे अक्षर एकत्र मांडावे. दोघेही ‘एएस’ असतील, तर एक घर ‘एए’, दोन ‘एएस’ आणि एक ‘एसएस’ असे भरते.

सर्वाधिक गफलत होते ती हा चौकोन वाचताना. चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत. प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ची शक्यता नव्याने २५ टक्केच असते. खात्री करायची असल्यास छापा म्हणजे ‘ए’ आणि काटा म्हणजे ‘एस’ असे ठरवून दोन नाणी एकदम चार वेळा उडवावीत. नेमका एक-दोन-एक असा निकाल पाचांतून एकदाही धड येत नाही. अशा जोडप्याच्या चार मुलांपैकी एकालाही आजार नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते, म्हणून ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ हा हिशेब साफ चुकीचा आहे.

जोडीदार ‘एए’ असल्यास एकाही घरात ‘एसएस’ येत नाही. मात्र तो थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल, तर केवळ ‘एस’ पाहून मांडलेला चौकोन अपुरा ठरतो; म्हणून लग्नाआधी दोघांचीही एचपीएलसी करून घ्यावी आणि दोन्ही अहवाल समुपदेशकासमोर एकत्र ठेवावेत.