पाचव्या मात्रेखाली 2 का? अडखळणाऱ्या मुलांना संगीत शिकवताना

वाचन-लेखनात किंवा आकड्यांत अडखळणारं मूल क्लासात आलं की नव्या शिक्षकाला वाटतं, याला ताल कळत नाही. बहुतेकदा ताल कळतो, कागद कळत नाही. तीनताल घ्या. मात्रा, म्हणजे तालातले ठोके, 16, चार-चारांच्या विभागांत; पण पाचव्या मात्रेखाली लिहायचं 2 (दुसरी टाळी), नवव्याखाली 0 (खाली, म्हणजे टाळी नाही), तेराव्याखाली 3 (तिसरी टाळी). आकड्यांशी आधीच झगडणाऱ्या मुलाला पाचाखाली दोन कसे, हे समजावण्यातच तास संपतो. त्यातून 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात. गोव्यात तर अनेक मुलांच्या घरी कोंकणी, शाळेत इंग्रजी; देवनागरीचा सराव मुळातच कमी.

म्हणून पहिले दोन-तीन महिने वही बंद. दादरा या सहा मात्रांच्या तालापासून सुरुवात करा : धा धी ना, धा तू ना. तीन पावलं पुढे, तीन मागे, बोल, म्हणजे तबल्याची ही अक्षरं, तोंडाने. मग तीनताल. इथे मूल हमखास हरवतं, कारण पहिले दोन विभाग अक्षरशः एकच आहेत, धा धिं धिं धा. आपण पहिल्यात आहोत की दुसऱ्यात, हे कान सांगत नाही. हाताने सांगावं लागतं. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, दोन्ही हात मांडीवर, पाचवीला टाळी, नववीला हात उघडा, तेरावीला पुन्हा टाळी. लय फार संथ ठेवू नका. दोन मात्रांमधली जागा लांबली की मागचा बोल डोक्यातून निसटतो.

हार्मोनियमवर भूप हा पाच स्वरांचा राग घ्या. काळी तीनला (तिसऱ्या काळ्या पट्टीला) सा धरला तर भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात. पांढरीला हात लावायची गरज नाही. बोटांना उंचवटा लागतो, डोळ्यांवर भार पडत नाही. काळी तीनचा हा सूर फक्त बोटांसाठी. गाताना मुलाच्या गळ्याला सोसेल तो सा घ्या. पट्ट्यांवर स्वरांची अक्षरं चिकटवायचा मोह होतो, पण सा बदलला की तीच अक्षरं खोटी ठरतात. चिकटवायचंच तर फक्त सा-वर एक ठिपका.

चार अलंकार (स्वरांचे ठरावीक क्रमाचे सराव) तोंडपाठ झाल्यावर वही उघडा. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल (उतरलेल्या) स्वराची रेघ आणि मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा, ठिपका, दोन्ही अक्षराच्या खालीच. भूपात कोमल स्वर नाही, त्यामुळे एका वेळी एकच खूण शिकवता येते. अक्षर मोठं, एका ओळीत एकच विभाग. फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका, छापील कागद द्या.

पावसाळ्यात चामडं सैल पडतं. तबला मूल येण्याआधीच लावून ठेवा. दहा मिनिटं हातोडी चालली की त्याचं लक्ष गेलंच. गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं वाद्य, अशा मुलांना चांगलं जमतं, त्यात लिहिलेलं काही नसतंच. मात्र आवाजाने दचकणाऱ्या मुलाला कासाळ्याच्या (मोठ्या झांजांच्या) शेजारी बसवू नका, शामेळ या तालवाद्याच्या पलीकडे जागा द्या.

संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षा तोंडी आणि क्रियात्मक असतात, लेखी पेपर पुढे येतो. लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर पालकांना मुलाच्या अडचणीच्या प्रमाणपत्रासह परीक्षा केंद्राकडे लेखी विचारायला सांगा, आणि तेही अर्ज भरण्याआधी.