पत्र्याचा पोचा: शिसं भरायचं की पुट्टी?

गाडीच्या पत्र्याचा पोचा ठोकून काढला की त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा. खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर शिसंही नको आणि पुट्टीही नको. हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन पत्रा आणखी वर आणा. जाड थरात भरलेली पुट्टी पुढे तडकते आणि दोष पुट्टीवर येतो.

बॉनेट, दरवाजाचा मधला भाग अशा सपाट जागी पॉलिएस्टर पुट्टीच बरी. तिथे शिशासाठी टॉर्च लावला तर पातळ पत्रा लाटा घेतो. दरवाजाची कड आणि जुन्या गाडीत छत-खांबाचा सांधा इथे मात्र शिसं. कडेवर आपट बसली की पुट्टीचा टवका उडतो. शिसं पत्र्याला धरून राहतं. ॲल्युमिनियमवर ते धरत नाही.

पुट्टीआधी गंज आणि रंग पूर्ण काढून पत्रा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. पोचा ओढायला भोकं पाडली असतील तर ती वेल्डिंगने बुजवा. पावसाळ्यात पाणी मागून त्याच भोकांतून शिरतं, टाल्कची (शंखजिऱ्याच्या भुकटीची) पुट्टी ते शोषते आणि रंगाला फोड येतात. पाणी लावून घासू नका, तेही याच कारणाने. 100 ग्रॅम पुट्टीला 2 ग्रॅम हार्डनर (पुट्टी कडक करणारी रंगीत पेस्ट) घ्या. घोटू नका, पात्याने दाबून दुमडत मिसळा, म्हणजे हवा शिरून सुईएवढी छिद्रं पडत नाहीत. हार्डनरच्या रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवला तर डाग वरच्या रंगात उतरतो. कमी पडला तर पुट्टी चिकटच राहते. उन्हाळ्यात तीन-चार मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून लिंबाएवढाच गोळा कालवा.

शिशाची कांडी 30 टक्के कथील, 70 टक्के शिसं अशी घ्या. ती साधारण 183 ते 255 अंशांदरम्यान लोण्यासारखी मऊ राहते. रेडिओ दुरुस्तीची 60-40 ची तार एकदम वितळून ओघळते, थापीला वेळच देत नाही. आधी चकचकीत पत्र्यावर टिनिंग पेस्ट (कथिलाची भुकटी आणि पत्रा साफ करणारं आम्लाचं फ्लक्स) लावून तापवा आणि भांड्याला कल्हई करतात तशी सुती फडक्याने पुसत पसरवा. काळा ठिपका राहिला तर तिथे शिसं धरणार नाही. मग टॉर्चची ज्योत सतत हलती ठेवून कांडी लावा आणि मेण लावलेल्या लाकडी थापीने दाबत न्या. त्याआधी आतलं अस्तर आणि वायरिंग काढा. पेट्रोलच्या टाकीजवळ टॉर्च नकोच.

गार झाल्यावर हाताने कानस चालवा. ग्राइंडर किंवा सँडर लावू नका, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. शिशाला चालणाऱ्या फिल्टरचा रेस्पिरेटर घाला, कापडी मास्क पुरत नाही. कीस झाडू नका. ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात ठेवा. फ्लक्सचं आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि पत्रा पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी प्रायमर मारा. धुणं राहिलं तर काही महिन्यांत रंग तिथूनच सुटतो.