मुलाची थेरपी सुरू आहे? मग घरच्या या चुका टाळा

आठवड्याला ४५ ते ५० मिनिटं. मुलाच्या थेरपीत मानसतज्ज्ञाच्या वाट्याला वेळ येतो तो एवढाच. बाकीचा आठवडा मूल घरात आणि शाळेत असतं, आणि थेरपी अडते तीही बहुधा तिथेच. म्हणून शिकवणीला सोडावं तसं मुलाला दारात सोडून तासाने न्यायला येऊ नका. पालकांबरोबरची बैठक हा उपचाराचाच भाग आहे. लहान मुलांच्या आक्रस्ताळेपणात तर मुख्य काम आईवडिलांबरोबरच चालतं.

पहिली चूक घरातून निघतानाच होते. ‘मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊया’ म्हणून मुलाला बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात नेलं, की फसवणूक कळल्यावर ते तोंड मिटून बसतं. ‘ऐकलं नाहीस तर बांबोळीला ठेवून येईन’ असं कधी म्हटलेलं असेल, तर आणखी कठीण. ती जागा त्याच्यासाठी शिक्षेची झालेली असते. आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा: ‘सकाळी तुझं पोट दुखतं, शाळेचं नाव काढलं की रडू येतं. त्यावर मदत करणाऱ्या एका ताईंना आपण भेटणार आहोत. तिथे इंजेक्शन नसतं. मी बाहेरच बसेन.’

भाषेचा प्रश्न गोव्यात फारसा कुणी विचारात घेत नाही, तो घ्यायला हवा. घरी कोंकणी, आजोबांच्या पेपरात मराठी, शाळेत इंग्रजी. मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाची चाचणी फक्त इंग्रजीत घेतली, तर भाषेची अडचण अभ्यासातली अक्षमता म्हणून नोंदली जाऊ शकते. मूल कुठल्या भाषेत रडतं, कुठल्या भाषेत भांडतं, हे पहिल्याच भेटीत सांगा. चाचणी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, हेही विचारा.

शाळा टाळणाऱ्या मुलाला घरी ठेवणं

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथे. चवथीची, म्हणजे गणेशोत्सवाची, सुट्टी संपते. सोमवारी सकाळी सात वाजता पोट दुखतं, एखादी उलटीही होते. आई बाईंना मेसेज करते, ‘आज येणार नाही.’ साडेदहाला तेच मूल पेज खाऊन मोबाईल घेऊन बसलेलं असतं. दुखणं खोटं नव्हतं. भीतीने पोट खरंच दुखतं. पण घरी राहायला मिळताच जी सुटका वाटली, तिने मेंदूला शिकवलं की शाळा धोक्याची होती आणि पळ काढला म्हणून वाचलो. मंगळवारी भीती आणखी लवकर येते.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासून घ्या. दुखण्याने मूल रात्री जागं होत असेल, वजन घटत असेल, ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर भीतीवर बोट ठेवून थांबू नका. त्यानंतर शाळेत काय चाललंय ते शोधा. कुणी छळत असेल किंवा फळ्यावरचं वाचताच येत नसेल, तर आधी ते सोडवायला हवं. खऱ्या त्रासात मुलाला ढकलणं ही थेरपी नव्हे.

हे दोन्ही पाहून झालं, की पायऱ्या. गणवेश घालून फाटकापर्यंत. मग एक तास बाईंच्या खोलीत. मग वर्गात आवडीचा एक तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. मुलाला भीतीला ० ते १० गुण द्यायला सांगा. आठवर असताना परत आणलं तर पळ काढल्याचीच शिकवण पक्की होते. गुण निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा आणि तीच पायरी सोपी वाटेपर्यंत रोज करा. एखाद्या दिवशी जमलं नाही, तर खालच्या पायरीवर या, पण घरी बसवू नका. बसवावंच लागलं, तर शाळेच्या वेळात टीव्ही-मोबाईल बंद. आजीलाही हे आधीच समजावून सांगा, नाहीतर अकराला लाडू आणि कार्टून सुरू होतात.

हट्टाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं असेल, तर पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. ‘उपाय उलटला’ म्हणून पालक सहाव्या दिवशी हार मानतात आणि मूल शिकतं: सहा दिवस ओरडलं की मिळतं. मारहाण किंवा मोडतोड मात्र लगेच थांबवायचीच. चांगल्या वागण्यासाठी तारे देत असाल, तर ‘शहाण्यासारखं वागणं’ असं मोघम लिहू नका. ‘सांगितल्यावर पाच मिनिटांत दप्तर भरलं’ असं लिहा. बक्षीस त्याच दिवशी द्या आणि मिळवलेला तारा कधीच काढून घेऊ नका.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत सेशन संपल्यावर गाडीत होणारी उलटतपासणी फार नुकसान करते. ‘काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ पुढच्या वेळी ते आतही बोलत नाही. काय गुप्त राहील आणि काय कळवलं जाईल, हे पहिल्या भेटीत सगळ्यांसमोर ठरवून घ्या. जिवाला धोका असेल तर घरी कळवलं जातं. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

जरा बरं वाटलं की तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर येणं बंद होतं. चिंतेवरच्या वर्तन-विचार उपचाराला साधारण १२ ते १६ सेशन लागतात. वाळपई किंवा पेडण्याहून दर आठवड्याला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, हे खरंच आहे. तेव्हा मधल्या काही भेटी फोनवर होतील का, हे स्पष्ट विचारा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्या मनाने बंद करू नका, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा.

‘मरण्याचे विचार येतात का?’ असं सरळ विचारलं म्हणून ते विचार येत नाहीत. न विचारण्याने मात्र मूल एकटं पडतं. उत्तर ‘हो’ आलं, तर रागावू नका, देवाधर्माच्या शपथा घालू नका. मुलाला एकटं सोडू नका. आजोबांच्या गोळ्या, बागायतीत फवारायचं औषध, सगळं कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर २४ तास मोफत बोलता येतं, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे. काही करून घेतलं असेल किंवा लगेच करेल असं वाटत असेल, तर १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉचा (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा) आपत्कालीन विभाग गाठा.