मंदीत पोळी-भाजी केंद्र: भाव उतरवण्याआधी हा हिशेब मांडा

पुण्याजवळच्या चाकण-भोसरी या कारखान्यांच्या पट्ट्यात मंदीची चाहूल लागली की आधी ओव्हरटाइम थांबतो, मग कंत्राटी पोरं गावाकडे परततात आणि पोळी-भाजी केंद्रावरचे डबे रोडावतात. नवा मालक अशा वेळी घाईघाईने भाव उतरवतो, आणि बहुतेक वेळा तिथेच धंदा बसतो.

समजा, महिन्याचं भाडं 15,000, मदतनीस बाईंचा पगार 18,000, वीज-पाणी 3,000. कामाचे 26 दिवस धरले तर रोजचा बांधील खर्च साधारण 1,385 रुपये. 80 रुपयांच्या डब्यात शिधा, भाजी, गॅस आणि पॅकिंगचे 44 गेले की हाती 36 राहतात. म्हणजे खर्च निघायला 39 डबे लागतात. तोच डबा 70 ला दिलात तर हाती 26 आणि डबे लागणार 54! गिऱ्हाईक आटलेलं असताना वरचे 15 कुठून आणणार? त्यापेक्षा 80 चा डबा तसाच ठेवून सोबत 2 पोळ्या आणि एक भाजी असा छोटा डबा 45 रुपयांना ठेवा. मात्र या छोट्या डब्याचा खर्च 25 च्या आत बसवा.

दुसरी गळती उरलेल्या अन्नाची. 5 डबे फेकले की 220 रुपये बुडाले, ते भरून काढायला आणखी 6-7 डबे विकावे लागतात. म्हणून चार भाज्यांच्या दोनच करा, एक सुकी आणि एक रस्सा. 1 किलो कणकेत 600 मिली पाणी घातलं तर 45 ग्रॅमच्या गोळ्याने 35 पोळ्या होतात. सगळी कणीक सकाळीच भिजवू नका. निम्मी भिजवा, उरलेली अकराच्या सुमारास ऑर्डरी बघून. गोळा 35 ग्रॅमवर आणायचा मोह तर अजिबात नको. पातळ पोळी डब्यात कडक होते, पोटही भरत नाही, आणि अंगमेहनतीचं गिऱ्हाईक हे लगेच ओळखतं.

तळणीचं तेल ताणू नका. पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. तेल काळपटलं, फेस बसेना, धूर लवकर यायला लागला की काढून टाका.

सगळ्यात जपायचं ते ठेकेदाराच्या उधारीपासून. रोज 30 डबे महिनाभर उधार दिले तर 62,400 रुपये अडकतात, त्यातले 34,320 तर तुमच्या खिशातून आधीच गेलेले असतात. साइट बंद झाली की ठेकेदार फोन उचलत नाही. हिशेब दर शनिवारी चुकता करून घ्या. एक आठवडा थकला तर सोमवारपासून त्याचे डबे रोखीनेच द्या.