अ‍ॅलर्जीची गोळी कधी आणि कशी घ्यावी

माळ्यावरची धूळ झाडल्यावर लागोपाठ येणाऱ्या शिंका, डोळ्यांची खाज आणि अंगावर उठणाऱ्या गांधी यांमागे मुख्यतः हिस्टामिन हे शरीरातलेच रसायन असते. अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीच्या मास्ट पेशींवर (हिस्टामिन साठवणाऱ्या संरक्षक पेशींवर) आयजीई नावाची प्रतिपिंडे आधीच चिकटलेली असतात. धुळीतील सूक्ष्म किड्यांची प्रथिने त्यांना येऊन भिडली, की या पेशी साठवलेले हिस्टामिन काही मिनिटांतच बाहेर सोडतात. ते एच-१ ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या हिस्टामिन पकडणाऱ्या जागांना, जोडले गेले, की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरून सूज येते आणि चेतातंतू चेतवले जाऊन खाज सुटते.

सेटिरिझिनसारखी गोळी हे हिस्टामिन नष्ट करत नाही. ती त्याच ग्राहींवर जागा अडवून बसते आणि त्यांना निष्क्रिय ठेवते. त्यामुळे झाडलोट करायचीच असेल, तर गोळी तासभर आधी घेतलेली बरी. त्रास रोजचा असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती नियमित घ्यावी. मात्र चोंदलेले नाक तिने फारसे मोकळे होत नाही, त्यासाठी डॉक्टर बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा देतात.

पाकिटावरील घटकांची नावे वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन मेंदूपर्यंत सहज पोहोचते आणि गुंगी आणते. वर सेटिरिझिनही घेतले, तर एकाच प्रकारची दोन औषधे पोटात जातात. सेटिरिझिननेही काहींना झोप येते, म्हणून आपल्यावर तिचा परिणाम कळेपर्यंत गाडी चालवू नये आणि मद्य टाळावे. याच प्रकारच्या फेक्सोफेनाडिन या औषधाने गुंगी क्वचितच येते, पण ते पाण्याबरोबरच घ्यावे, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने त्याचे शोषण घटते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

श्वास घेणे जड जाणे, जीभ किंवा घसा सुजणे, चक्कर येऊन कोसळणे, यांपैकी काही दिसल्यास गोळीच्या परिणामाची वाट पाहू नये. त्या वेळी हिस्टामिनखेरीज इतर रसायनेही काम करत असतात आणि रक्तदाब झपाट्याने खालावू शकतो. मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. रुग्णाला आडवे झोपवावे, श्वास लागत असल्यास बसू द्यावे, आणि १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.